आई४७ हार्डवर जाते

आखूडमावशींनी दुकानात सून कोंडून ठेवलीय, ही आवई उठवली इस्त्रीवालीने. तिचं प्रत्येक वाक्य ‘मला काय करायचंय’ने सुरू होतं आणि पुढे तिला बरंच काही करायचं असतं. मला काय करायचंय, पण दुपारी एक ते दोन शटर अर्धं खाली असतं आणि आतून मावशींचा आवाज येतो, ऊठ, लोळतेस काय, ढाल घे. वॉचमनला एवढं पुरलं. त्याने घसा खाकरून, कोर्टात उभं राहिल्यासारखं सांगितलं की मुलाने तिकडे परस्पर लग्न उरकलं, बायको आईकडे धाडली आणि ही बाई तिचा छळ करते. बातमी चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या सुनेला दिवसही गेले होते.

सून वगैरे काही नव्हती. आत होती अंगठ्याएवढी एक बाई, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, एका हातात ढाल आणि दुसऱ्यात गदा घेतलेली. तिच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत नाव तरंगायचं, आई४७. तीन वर्षांपूर्वी मुलगा नोकरीसाठी लांब गेला, त्याच्या आदल्या दिवशी त्याने हा खेळ मावशींना लावून दिला. नुसतं ‘आई’ हे नाव मिळालं नाही. कुणीतरी आधीच घेतलं होतं. पुढच्या सेहेचाळीस आयाही गेलेल्या होत्या.

मावशींचं दुकान जिन्याखाली, एका मशीनचं. बाहेर पाटी, ‘नवीन कपडे शिवले जाणार नाहीत. आखूड, घट्ट व सैल करून मिळतील.’ म्हणून आखूडमावशी. स्वतः मात्र स्टुलाशिवाय बल्ब बदलतील एवढ्या उंच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. दिवसभर माणसं येतात, बोलतात, पण सगळी आपापल्या कमरेबद्दल. मावशी कशा आहेत हे विचारायला माप घ्यावं लागत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

रविवारी दुपारी चार ते पाच मात्र मुलगा यायचा. फोनवर तो बोलायचा ते ‘हं, हो, जेवलो, हं’ एवढंच. खेळात त्याची जीभ सुटायची. मागे हो, आई. आई डावीकडे पेटारा आहे. आई तो मेलाय, किती मारशील. आणि असं राक्षस झोडता झोडता मधेच सांगून टाकायचा की साहेब बदललाय, गुडघा दुखतोय, एक मुलगी होती पण आता नाही. फोनवर हे मावशींना जन्मात कळलं नसतं.

मग तो हार्डवर गेला. खेळ तोच, राक्षस तेच, पण ते दुप्पट मारतात. बरोबर त्याच्या कामावरचे तिघे.

“तू तिथे दोन मिनिटं टिकणार नाहीस गं,” तो म्हणाला. “तू नॉर्मलवरच राहा. मी येत जाईन अधूनमधून.”

पहिल्या रविवारी तो वीस मिनिटं आला. दुसऱ्या रविवारी नुसता निरोप आला. पुढचे चार रविवार आई४७ गावाच्या वेशीपाशी ढाल घेऊन उभी राहिली आणि पाच वाजता मावशींनी कॉम्प्युटर बंद केला. गिऱ्हाइकाला बारा महिने ‘उद्या या’ सांगणाऱ्या बाईला ‘अधूनमधून’चा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. तो तास हातचा चालला होता. तो खाली येत नाही तर आपण वर जायचं, असं त्यांनी ठरवलं.

नॉर्मलचा शेवटचा राक्षस त्यांनी अकरा दुपारी खपून एकटीने पाडला. हार्डचं दार उघडलं. आणि इथे त्यांनी शिवणकाम करणारी बाईच करील अशी चूक केली. आई४७ला त्यांनी नखशिखान्त एका रंगात सजवलं होतं. चिलखत मरून, बूट मरून, हातमोजे मरून, कडेला सोनेरी पट्टी. वाटेत सापडलेलं पिवळं शिरस्त्राण, जांभळ्या अंगठ्या, सगळं विजोड म्हणून खेळातल्या व्यापाऱ्याला विकून टाकलेलं. मुलाने एकदा सांगितलं होतं की अशा वस्तू आकडे बघून घालायच्या असतात, तुला बघायला कोण येतंय. त्यावर मावशी म्हणाल्या होत्या, मी बघते ना दिवसभर.

ती मरून नवरी हार्डच्या पहिल्याच पुलावर एका गार फुंकरीत मेली. त्यांनी उठवली, पुन्हा मेली. नऊ दुपारी हेच. मावशींचा पाय टेबलाखाली मशीनचं पायडल मारल्यासारखा चालायचा आणि तोंडाने ऊठ, ऊठ. शटरबाहेर इस्त्रीवालीला हेच ऐकू गेलं होतं.

दहाव्या दिवशी एक गिऱ्हाईक धुऊन आटलेली पँट घेऊन आलं आणि वर मावशींनाच बोलायला लागलं. मावशींनी त्याला नेहमीचं सुनावलं की कोरं कापड अंगाला आलं म्हणजे मापाचं झालं असं नाही, आधी पाण्यातून काढायचं, मग मोजायचं. तो पुटपुटत गेला. मावशी खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

हार्डवर गेलं की अंगावरचं प्रत्येक संरक्षण चाळीसने उतरतं, हे खेळात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. म्हणजे सगळं आटतं. त्यांनी बेतायचा तपकिरी कागद पसरला आणि चार रकाने आखले, आग, थंडी, वीज, विष. मरूनची थंडी बावन्न. आटून उरली बारा. बारात काय होणार, रुमाल होईल. पंचाहत्तरच्या वर खेळ मोजत नाही, पण पंचाहत्तर तरी हवीच. तेव्हा इथे एकशेपंधराचं बेतायचं.

पुढचे सहा आठवडे त्यांनी तेच केलं. जुन्याच गुहा पुन्हा उपसल्या. एक अंगठी बदलली की थंडी भरायची पण आग उघडी पडायची, बूट बदलले की आग झाकायची आणि विष उसवायचं. इथे धरायचं, तिथे सोडायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पिवळं शिरस्त्राण पुन्हा मिळवलं. हिरवे बूट, जांभळे मोजे, पाठीवर कसलंतरी केसाळ कातडं. आई४७ वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी दिसायला लागली. मावशींनी दोन दिवस तिच्याकडे धड बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र कागदावर मांडता येईना. राक्षस अंगावर आला की ‘मागे हो’ म्हणणारं कुणी नव्हतं. ते त्या आता स्वतःलाच म्हणायच्या, अगदी त्याच्या सुरात, शेवटचा ‘आई’ जरा ओढून.

ज्या रविवारी त्या पूल ओलांडायला निघाल्या त्या रविवारी मी स्कर्ट आखूड करायला खाली गेले होते. आई४७चा तो अवतार बघून मला हसू आवरेना. मी हार्ड खेळलेली आहे, तेव्हा अधिकारवाणीने सांगितलं की मावशी, पुलापलीकडे तुम्ही तासभर टिकलात तर म्हणाल ते काम करीन.

“तासभर?” मावशींनी विचारलं.

“तासभर.”

चार वाजता त्यांनी पूल ओलांडला. गार फुंकर आली, रक्ताची लाल पट्टी बोटभर उतरली आणि थांबली. मावशींनी मुलाला निरोप टाकला, हार्डवर आलेय, पुलापलीकडे उभी आहे. कोपऱ्यातल्या यादीत त्याचं नाव हिरवं होतं. तो तिघांबरोबर खाणीत होता. लगेच उत्तर आलं, काय सांगतेस, थांब तिथेच, हे संपवून आलोच.

मावशी थांबल्या. तिथे उभं राहायला सुरक्षित जागा नाही, दर पाच मिनिटांनी लांडगे येतात. त्या मारायच्या, ‘मागे हो, आई’ म्हणायच्या, पुन्हा त्याच दगडापाशी येऊन उभ्या राहायच्या. पुढे जाऊन पेटारे उघडता आले असते. पण तो येईल आणि आपण जागेवर नसू, असं नको होतं. मी आधी पट्टीकडे बघत होते, मग यादीकडे बघायला लागले. पाऊण तास झाला तेव्हा त्याच्या नावापुढचं ‘खाण’ पुसलं गेलं आणि ‘बुरूज’ आलं. चौघेही पुढे गेले होते. मी मावशींकडे बघितलं.

“दिसलं मला,” त्या म्हणाल्या, आणि लांडगा मारला.

पाचला दोन मिनिटं असताना त्याचं नाव राखाडी झालं. मी म्हटलं, नेट गेलं असेल.

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बाराशी येऊ दिला.

“झाला तास,” त्या म्हणाल्या. कोपऱ्यात कुठल्याशा हॉटेलचे पडदे रचलेले होते, बावीस, आखूड करायचे. त्यांनी मला बारकी कात्री दिली. “शिलाई उसव. कापड कापू नकोस.”

मी खाली बसून पहिल्या पडद्याला हात घातला. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला नाही.