कुलकुलांची फणी
आज जिन्यात नाताळची कुलकुलं तळल्याचा गोड वास आला आणि मी तिथंच पायरीवर बसलो. बायकोच्या आजारपणातला इथला, बहारीनचा डिसेंबर आठवला. तिचे केस गेले होते आणि पुढचा केमो नको म्हणून ती अडून बसली होती. मी मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपातला फिटर, मला काय समजावता येणार. वरच्या मजल्यावरची वसईची ख्रिस्ती बाई नाताळचं पीठ मळून आमच्याकडे आली. 'ताई, बसल्या बसल्या वळा,' म्हणाली. बायकोनं आपली फणी घासून आणली. 'घ्या, मला आता कशाला लागते.' फणीच्या दातांवर पिठाच्या गोळ्या दाबून दोघी कुलकुलं वळू लागल्या. बाईचा मुलगा सीफ भागात ऑफिसात कामाला, तोही खाली आला होता. तो म्हणाला, 'मम्मी, हा येशूचा बर्थडे नाहीच. थंड मुलखातले जुने लोक दिवस लहान झाला की घाबरायचे, सूर्यासाठी जाळ करायचे. दिवस वाढायला लागला की सण. चर्चनं तो नंतर घेतला.' बाई म्हणाली, 'मग तू खाऊ नकोस.' बायकोनं विचारलं, 'सूर्य दरवर्षी परत येतो, हे त्यांना ठाऊक होतं ना?' 'असणार, आंटी. तरी घाबरायचे.' 'घाबरत का होईना, जाळ तर करायचे,' ती म्हणाली. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, 'उद्या न्या मला दवाखान्यात.' पुढं केस आले, तिनं नवी फणी घेतली, जुनी बाईकडेच राहू दिली. गेल्या वर्षी ती गेली. दिवस वाढेल, ती काही येणार नाही. वरून बाईनं हाक मारली, 'भाऊ, या वर. फणी धुऊन ठेवलीय.' मी उठलो.