पैरा काय पैशानं फेडतात?

मंडळी, आज ओरडा खाल्ला, अडुसष्टाव्या वर्षी.

आईचं सगळं अंथरुणातच. ते आवरून टेकले होते, तेवढ्यात समोरच्या खोलीतली सुनंदा आली. "ताई, दुपारी सासूबाईंजवळ बसाल? मला डॉक्टरकडे जायचंय."

"मला होत नाही गं. एखादी बाई बघ, पैसे मी देते," मी म्हटलं. ती निघून गेली.

नव्वदीची आई खाटेवरून कडाडली, "पैरा काय पैशानं फेडतात?"

पैरा म्हणजे काय, तेही तिनंच सांगितलं. गावी घरात एकच बैल. मग दोन घरं बैल जोडून नांगरायची, आज तुझं शेत, उद्या माझं. मजुरी नाही, कामाची फेड कामानंच. शब्द आला कुठून, विचारलं तर म्हणाली, "आमची आजीपण पैराच म्हणायची."

मग आईच पुढे म्हणाली, "संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तुझे बाबा तुरुंगात गेले. मी खानावळीत भाकऱ्या थापायचे. तू तान्ही. तुला सुनंदाच्या सासूनंच सांभाळलं."

हे मला आज कळलं.

आईची हाक ऐकू यावी म्हणून दोन्ही दारं उघडी ठेवून सुनंदाच्या सासूच्या उशाशी बसलेय. कंबर ठणकतेय. ती मला ओळखत नाही, पण हात सोडत नाही.

तुमच्यावर कुणाचा पैरा राहिलाय? सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या.