सातापर्यंत

१४ जुलै २०२३, सकाळचे सव्वानऊ. कुंभकोणमच्या दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो. मधुमेहाने काळी पडलेली पायाची करंगळी कापावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगून आठवडा झाला होता. संमतिपत्र खिशात कोरेच होते.

शेजारच्या म्हाताऱ्याच्या उजव्या पायाला दोनच बोटे उरली होती. वर्तमानपत्राच्या कडेला ७३९३९१३३ लिहून तो अंगठ्याने शेवटचे अंक एकेक करून झाकत होता.

"ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भागली जात नाही," तो तमिळमध्ये म्हणाला. "शेवटचा अंक काढा, तरी नाही. आणखी एक काढा, तरी नाही. सात उरेपर्यंत असेच. अशी याहून मोठी संख्याच नाही."

मी ७३९ घेऊन पुटपुटत भाग देऊ लागलो. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले आम्ही मराठी लोक बाहेर तमिळ बोलतो. पाढे मात्र घरच्या मराठीतच येतात. ते ऐकून तोही मराठीत बोलू लागला.

"आमच्यातलेच की हो तुम्ही. तेविसापर्यंत पाहा, पुरे."

तेविसानेही बाकी तीन उरली. हे कोणी घडवले नव्हते. मोजणारा कोणी नव्हता तेव्हाही हे असेच होते. मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो.

"माझे तीन अंक गेले," काठी उचलत तो म्हणाला. "भाग अजून जात नाही."

त्याला आत बोलावले. नाव विचारायचे राहिले. मी चष्मा पुसला, संमतिपत्रावर सही केली आणि ते खिडकीत दिले.