मावशींनी विमानात कान काढून ठेवले

मावशींनी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. डॉक्टरांपासून धुलाईखात्यापर्यंत सगळे त्यांना ‘ऑपरेटर मावशी’च म्हणत. निवृत्तीनंतर मात्र दोन्ही कान मंदावले. भाचीने श्रवणयंत्रं घेऊन दिली, शेंगदाण्याएवढी आणि फोनला बिनतारी जोडलेली. तीच भाची आता परगावी होती, दिवस भरत आले होते आणि जवळ मावशीच हवी म्हणून हटून बसली होती. मग काय, मावशी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या.

जागा मिळाली संकटकाळच्या दाराशेजारी. पाय ऐसपैस पसरता येत होते, स्वारी खूश होती. एवढ्यात घोषणा झाली : फोन आणि बिनतारी उपकरणं बंद करा. मावशींनी आधी फोन बंद केला. मग कानांतली यंत्रंही काढून रुमालात गुंडाळली. नियम म्हणजे नियम.

हवाईसेविका येऊन वाकली आणि काहीतरी बोलू लागली. मावशींनी हसून मान हलवली. ती पुन्हा बोलली, या वेळी दाराकडे बोट दाखवून.

“चहा बिनसाखरेचा,” मावशी म्हणाल्या.

पोरगी चमकली. वेळ आली तर दार उघडाल का, असं ती विचारत होती! रुमालातली यंत्रं दिसली तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने खुणेनेच ती कानांत घालायला लावली.

“आजी, ही चालतात हो विमानात. फोन तेवढा फ्लाइट मोडवर ठेवायचा.”

“अगं, वैमानिकाच्या बोलण्यात माझी खरखर नको म्हणून काढली. लाइनवर खरखर आली की जीव कसा मेटाकुटीला येतो, ते मला विचार.”

पोरगी खुदकन हसली. “पण या दाराशी धडधाकट कानांचंच माणूस बसवावं लागतं. मागे बसाल?”

मावशींचं तोंड जरासं उतरलं, पण त्या उठल्या. शेजारचे गृहस्थ वर्तमानपत्राआड फोनवर हळूच कुजबुजत होते. मावशी त्यांच्याकडे वळल्या.

“भाऊ, मी कान काढून ठेवले होते. तुम्ही नुसता फोन ठेवा की!”

गृहस्थांनी मुकाट्याने फोन बंद केला.

विमान उतरल्यावर मावशींनी फोन चालू केला, तर भाचीच्या फोनवरून पाच कॉल येऊन गेलेले. त्यांनी लगेच उलट फोन लावला. तो जावईबापूंनी उचलला.

“मावशी, होतात कुठे? मुलगी झाली! दोघी छान आहेत. थांबा, ऐका.”

मग दोन्ही कानांत एकदमच तो कोवळा टाहो घुमला. आजूबाजूचे लोक बॅगा काढायच्या गडबडीत होते. मावशी तशाच बसून राहिल्या.

“रडू दे रे तिला,” त्या म्हणाल्या. “लाइन तोडू नकोस.”