डोळे मिटून लावलेलं अत्तर

इकडे हिंदी मुलखात, जयेंद्रगंजातल्या आमच्या मराठी महिला मंडळाची मी अध्यक्ष आहे आणि मला कुणी ‘नाही’ म्हटलेलं खपत नाही. कुष्ठरोगाच्या तपासणीला बायका येतच नाहीत, असं सरकारी दवाखान्यातली नर्स एकदा तोंड पाडून म्हणाली, तेव्हा मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच तपासणी. हॉल मंडळाचा, नर्स सरकारची आणि तिळगूळ दालबाजारातल्या व्यापाऱ्यांचा. तिथल्या शेटजींना हळदीकुंकू म्हणजे काय ते समजावताना माझा घसा बसला, पण तीळ त्यांनी पोत्याने पाठवले.

बायका नटूनथटून आल्या. तपासणीचं नाव काढताच मात्र सगळ्यांना घरची कामं आठवली. तपासणी तरी काय, तर अंगावर फिकट चट्टा असेल तिथे कापूस टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या बाईने कुठे लागलं ते सांगायचं. हळदीकुंकवाला आम्ही हातावर अत्तर लावतोच. मी म्हटलं, अत्तराच्या फायानेच होऊन जाऊ दे.

“आधी माझंच,” मी बाही वर सारली. कोपराखाली एक डाग होता. शिबं समजून मी त्याला कित्येक महिने मलम चोळत होते. डोळे मिटले. अत्तराचा वास आला.

“लावा ना,” मी म्हणाले.



“आंटीजी, लगा दिया,” नर्स हळूच म्हणाली. “कल अस्पताल में दिखा लेते हैं. दवा मुफ़्त है, आप ठीक हो जाएँगी.”

तशी पुढे मी औषधाने ठणठणीत बरी झाले. पण त्या क्षणी डोळे उघडायची हिंमत होईना. औषध आहे, घाबरू नका, हे मीच सगळ्यांना सांगत फिरले होते, त्यामुळे रोगाची धास्ती नव्हती. धास्ती होती ती बायकांची. आता माझ्या हातून कुंकू कोण लावून घेणार? एवढी मिरवणारी मी, मला भर हॉलमध्ये रडू फुटलं.

कुणीतरी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलं. पाहिलं तर माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामात खोट काढणारी.

“रडतेस काय? मला कुंकू लाव. प्रोग्राम थोडीच बंद करायचा आहे?”

मी पदराने डोळे पुसले. कसंबसं लावलं. तिने मोबाइलमध्ये कपाळ न्याहाळलं.

“वाकडं झालंय,” ती म्हणाली. “पुन्हा लाव, नीट.”