जवळ्यात उडालेली नळी

"पयला बोट लावा, मंग बोला! तसंच बोललात त वारा फुस्सकन भायेर जातंय. मना काय कलनार, पानी मांगताव का भांडन?"

केसर नवऱ्याला अशी दरडावायची, आणि रेवदंड्याच्या कोळीवाड्यात त्याचं कुणाला काही वाटत नसे. तुळशीरामाच्या गळ्यात भोक होतं. भोकात चांदीची वाकडी नळी. तिच्यावर बोट दाबलं तरच श्वास तोंडाकडं चढे आणि घोगरा का होईना, आवाज निघे.

सन एकतिसात त्याच्या नरड्यात गळू झालं आणि श्वास कोंडला. आगबोटीनं मुंबईला नेला. डाक्तरांनी गळा खालून उघडून नळी बसवली म्हणून माणूस राहिला, पण नरडं आतून आवळलं ते आवळलंच. नळी जन्माची झाली. होडीवर जाणं सुटलं. एक लाट भोकात शिरली की कारभार आटोपला. मग तो अंगणात बसून जाळी विणायचा.

केसर काशीदची. अक्षर एक येत नव्हतं. पण दीड महिना दवाखान्यात नर्सबाईच्या हाताकडं बघून सगळं उचललंन. नळीच्या पोटात दुसरी नळी असते. बाहेरची हलवायची नाही. आतली दिवसातून तीनदा काढायची, उकळायची, आतून पुसायची, परत घालून वरची खिट्टी फिरवायची. नर्सबाईकडं त्यासाठी तारेचा ब्रश होता, केसरनं माडाच्या झापाचा हीर घेऊन त्याला चिंधी गुंडाळली. गळ्याभोवतीची फीत घामानं कुजली तेव्हा जाळ्याचं सूत बांधलंन, आणि गाठही जाळ्याचीच, भिजली की आणखी घट्ट बसणारी.

एवढी हुशार बाई चुकली ती शिमग्याला. सणाच्या आदल्या सकाळी घरोघर देवाचे टाक चिंच आणि राखेनं घासतात. केसरनं आतली नळीही त्यातच घेतली. चांदी ती चांदी! घासून, उकळून अशी लखलखीत केलीन की बघत राहावं. पण देवांच्या पंगतीत बसून आलेली ती नळी. तिच्यावर जोर कसा करायचा? टाक देव्हाऱ्यात ठेवतात तशी हलक्या हातानं गळ्यात बसवलीन, वर हातही जोडले. खिट्टी फिरवायची राहिली.

अंगणात तुळशीरामापुढं सुका जवळा, बारीक कोळंबी, पसरला होता. शेजारची सखुबाई कुंपणावरून म्हणाली, "काय गो केसर, दादल्याच्या गल्यात चांदी झलकतंय, आनि तुज्या गल्यात काले मनी! नवरी कोन, नवरा कोन?"

तुळशीराम हसला. त्याचं हसू नेहमी खोकल्यात जायचं. एक मोठी ढास आली आणि आतली नळी भोकातून सुटून थेट जवळ्यात.

"मेले मी!" केसर ओरडली.

श्वास चालू होता, कारण बाहेरची नळी जागेवर होती. पण आतली नसली की तिच्यात कफ धरतो, वाळून बूच बसतं. बाहेरचीच काढून धुवावी तर भोकच मिटायचं. अलिबागला बैलगाडीनं अर्धा दिवस, आणि तिथं तरी असली नळी कुठली? मुंबईची आगबोट दुसऱ्या दिवशी.

बाया धावल्या. "जवल्यात पाय टाकू नका गो! चेपली त संपला समदा." केसरनं बजावलंन, आणि कोंबडीचं पीस उकळत्या पाण्यातून काढून निववलंन आणि बाहेरच्या नळीत फिरवलंन. थोडा कफ निघाला. पण श्वासाची शिट्टी बारीक होत चालली होती. बाया हातांनी चाचपत होत्या. कोळंबीच्या मिश्या बोटाला टोचत, नळी काही लागेना.

"सुपा आना!" केसर म्हणाली. "जवला हलका, चांदी जड."

आठ बाया सुपं घेऊन वाऱ्याला उभ्या राहिल्या. भात पाखडावं तसा जवळा पाखडला. वारा दर्यावरचा, भरपूर. जवळा उडून डोक्यात, पदरात. कावळ्यांचा शिमगा आदल्या दिवशीच झाला. त्यांतल्या चंद्राबाईच्या चौथ्या सुपात टक्कन वाजलं.

"गावली गो!"

"घाल लवकर, केसर!" सगळ्या एकदम ओरडल्या.

"अशीच घालू? गल्यात जवल्याचा कालवन करायचा हाय?" केसरनं नळी धुतलीन, पुन्हा उकळलीन, हिरानं पुसलीन. घाई केली नाहीन. निवल्यावर आत सारलीन आणि खिट्टी कट्ट वाजेपर्यंत फिरवलीन. ओढून बघितलीन. हलेना. तुळशीरामाची छाती दोनदा खोल भरली आणि शिट्टी थांबली.

त्यानं बोट लावलं. "नली गावली, पन जवला कना गेला?"

"तुमच्या हसन्यापायी वाऱ्यावर गेला. आनि तू गो सखुबाय, उद्या काय बोलायचा आसल त यांना झोपवून बोल!"

सखुबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. केसरनं कासोटा खोवला, खराटा घेतला आणि वाळूत सांडलेला जवळा गोळा करायला लागली. ऊन चढत होतं, आणि तो पुन्हा पसरायचा होता.