दुर्बिणीला राग येत नाही

ठुबे सरांची आणि माझी ओळख झाली तीच मुळी मी त्यांना थाप मारून. नगरपासून जरा बाजूला, माळावर असलेल्या आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात मी मुलाखतीला गेलो होतो. विभाग म्हणजे चार माणसं, दोन प्रयोगशाळा आणि गच्चीवर लोकांसाठी बांधलेली वेधशाळा. मुलाखत आटोपेपर्यंत संध्याकाळ झाली. विभागप्रमुख ठुबे सर मला गच्चीवर घेऊन गेले आणि दुर्बिणीकडे बोट दाखवून म्हणाले, "शनी लावलाय. बघा." मी डोळा लावला. नुसता काळोख! पण पीएच.डी. झालेल्या माणसाला शनी दिसत नाही, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मी म्हणालो, "अप्रतिम, सर! कडी काय स्पष्ट दिसतायत!"

सरांनी दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढून माझ्या हातात ठेवलं. "आता बघा."

झालं, गेली नोकरी, असं म्हणत मी जिना उतरू लागलो, तर मागून सर म्हणाले, "घाबरू नका, डॉक्टर. तुमच्याशिवाय दुसरा अर्जच आलेला न्हाई."

सर पारनेर तालुक्यातले, शेतकरी घरातले. वर्गात एकदम पुस्तकी मराठी, पण गच्चीवर पाऊल पडलं की पारनेर सुरू. दर शनिवारी संध्याकाळी वेधशाळा सगळ्यांना खुली असायची. कोपरगावकडून साखर कारखान्यातली माणसं कुटुंबासह यायची, कधी आख्खं गाव टेम्पोत बसून यायचं. घुमट फिरवायची मोटर कायमची रुसलेली, त्यामुळे सर स्वतः खांदा लावून घुमट ढकलायचे आणि ओरडायचे, "चला, पुढचे या! लाइन अडवू नका!"

गंमत अशी, की निम्मे लोक माझ्याच जातकुळीचे. डोळा भलतीकडे लावायचे, काही दिसायचं नाही, आणि मागच्यांसमोर शोभा नको म्हणून "दिसलं, दिसलं" म्हणत सटकायचे. सरांना ते अजिबात खपायचं नाही. एकदा एक आजी अशाच निघाल्या. सरांनी अडवलं.

"काय दिसलं, आजी?"

"लई झ्याक हुतं बाबा."

"पर काय हुतं?"

आजी पदर तोंडाशी धरून हसल्या. सर म्हणाले, "दिसत नसलं तर न्हाई म्हना की. दुर्बिणीला राग येत न्हाई." आणि पाऊण लाइन खोळंबवून, आजींना स्टुलावर चढवून, दिसेपर्यंत सोडलं नाही. दिसल्यावर आजी जे "अगं बाई!" ओरडल्या, ते खालच्या पार्किंगमध्ये ऐकू गेलं असेल.

सर मला सगळ्यांसमोर 'डॉक्टर' म्हणायचे. परिणामी दर शनिवारी दोघंतिघं तरी मला गुडघेदुखीवर काय घ्यावं ते विचारायचे. त्यावर मी निदान शेकायला तरी सांगू शकत होतो. दुर्बीण लावणं मात्र मला कधीच जमलं नाही. माझं सगळं संशोधन कागदावरचं. विश्वाच्या उत्पत्तीवर तासभर बोलेन, पण आभाळातला गुरू नळीत आणायचा म्हटलं की घाम फुटायचा.

एका शनिवारी सर लग्नाला गेले होते म्हणून मी एकट्यानं किल्ला लढवला. मंगळ लावला. लालबुंद, ठसठशीत! निम्मी लाइन "दिसला, दिसला" करत पुढं सरकली, मी रंगात येऊन मंगळावरच्या धुळीबद्दल भाषण ठोकलं. तेवढ्यात सर आले. लाइनीत उभे राहिले, पाळी आल्यावर डोळा लावला आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या मंगळाला शिडी हाय."

मोबाईल टॉवरवरचा लाल दिवा होता तो. पुढं कित्येक महिने कॉलेजात माझा उल्लेख 'टॉवरवाले सर' असाच होत असे.

सर निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा आजार. नजरेचा मधला भागच पुसट होत चालला. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे ते टिकलं तरी खूप. सर म्हणायचे, "आता मानसाचे कान दिसत्यात, तोंड दिसत न्हाई. लई बरं वाटतंय." पण दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. "यांना एकदा शनी बघायचाय हो. नजर पुरती जायच्या आत. तुम्ही नीट लावून ठेवाल ना?" त्या 'नीट'वरचा जोर मला बरोबर कळला.

मी आठवडाभर सराव केला. वर्गातला एक तासही बुडवला.

शनिवारी सर काकूंचा हात धरून आले. मी पुढं बोलावलं तर ऐकेनात. लाइनीतच उभे राहिले. पाळी आली. डोळा लावला. मान जरा इकडं केली, जरा तिकडं. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "न्हाई दिसत. डॉक्टर, झाकण काढलंय का?"

लोक हसले. मी धावलो. देवाशपथ सांगतो, ते झाकण तिथं असावं म्हणून मी किती काकुळतीला आलो होतो! झाकण माझ्याच खिशात होतं. मग वाटलं, दिशा चुकली असेल, माझी चुकतेच. डोळा लावला. शनी अगदी मधोमध होता. इतक्या वर्षांत मला तो असा एकदाही लागला नव्हता, आणि मेला आजच लागायचा होता!

"काय?" सरांनी हळूच विचारलं. "तुमचंच चुकलंय ना?"

'हो' म्हणायला काय लागत होतं? चूक माझी आहे म्हटल्यावर कुणीही डोळे मिटून विश्वास ठेवला असता. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाही, सर. बरोबर लागलाय."

"कडी?"

"स्पष्ट दिसतायत."

सरांनी चाचपत माझा खांदा धरला आणि दाबला. "म्हंजे शिकलास की रं," ते म्हणाले. मग काकूंचा हात धरून बाजूला झाले आणि लाइनीकडे वळून ओरडले, "चला, पुढचे या! लाइन अडवू नका!"